आत्याचा सोरा

माझा नातू अमरावतीच्या हायस्कुलात शिकतो. परवा सुटीत घरी आला तेव्हा ओसरीवर बसून शास्त्राचं पुस्तक मोठ्यानं घोकत होता. दोन पदार्थ एकमेकांत मिसळले की काही वेळा उष्णता बाहेर पडते आणि काही वेळा आत ओढली जाते, असं काहीसं ते होतं. तेच वाक्य त्यानं किती वेळा तरी घोळवलं आणि शेवटी पुस्तक पालथं टाकून म्हणाला, "आजी, हे डोक्यात शिरत नाई." मी म्हटलं, बाबा रे, तुझ्या पुस्तकात यायच्या आधी हे आमच्या घरात येऊन गेलं आहे, आणि माझ्या डोक्यात असं शिरलं की अजून निघालेलं नाही. मग त्यानं सगळी हकिगत काढून घेतली आणि लिहूनच काढ म्हणून हात धुऊन मागे लागला. लिहायला मी शिकले तीच उतारवयात, त्यामुळे माझी अक्षरं गाडीच्या चाकाएवढी येतात. माझं 'मले-तुले' त्यानं जागोजागी सुधारलं आहे. माणसांच्या तोंडचं मात्र मी त्याला सुधारू दिलं नाही. मेलेल्या माणसांना आता पुण्याची भाषा कशाला शिकवायची?

आमचं गाव अकोल्याहून बाळापूरकडे निघालं की वाटेत लागतं. नाव सांगत नाही, कारण तिथे माझे भाऊबंद अजून नांदतात आणि त्यांना राग यायला फार काही लागत नाही. जमीन काळी, पावसाळ्यात पाय घातला की जोडा आतच ठेवून घेणारी, आणि त्या जमिनीत कापूस असा यायचा की वेचणाऱ्या बायांना ओटी रिकामी करायला पुन्हापुन्हा बांधावर यावं लागे. माझ्या लहानपणी कुठल्या तरी दूरच्या मुलखात लढाई जुंपली होती. तिथला कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला, असं मोठी माणसं म्हणत. लढाई कुणाची आणि कशासाठी, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. "चालू राहो, बाप्पा," एवढंच लोक देवळात म्हणायचे. तिकडे किती बायका उघड्या पडल्या असतील, आणि इकडे आम्ही बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या करत होतो. आज हे लिहिताना वाईट वाटतं, तेव्हा वाटलं नाही.

कापूस घरात भरून वाहत होता. मागच्या अंगणात तुराट्यांचा कूड घालून, वरून शेणानं सारवून कापसाची खोली केली होती. ती भरली की पडवीत, पडवी भरली की माजघरात. माझी माय दिवसभर ओसरीवर रेचा फिरवी. लाकडाच्या दोन लाटांमधून कापूस गेला की रुई एकीकडे आणि सरकी एकीकडे पडे, आणि त्या लाटा अशा कुरकुरत की त्या थांबल्या तर मला झोपेतून जाग येई. रुईचे तंतू सगळीकडे उडत. भाकरीवर, बेसनावर, ताकात. तुरीच्या सोल्यांची भाजी ताटात पडली की आधी वरचे तंतू बोटानं उचलायचे आणि मग घास घ्यायचा, ही आम्हा सगळ्यांची सवयच होती. पुढे लग्न होऊन मी सासरी गेले तेव्हा पहिल्याच जेवणाला मी भाजीवरून बोट फिरवलं, आणि सासूबाईंना वाटलं मी काही दोष काढते आहे.

आता एक गोष्ट सांगते. ती तेव्हा कुणी सांगत नसे, पण ठाऊक सगळ्यांना होती. बाजारात न्यायच्या आधी कापसाला पाणी मारायचे. उजाडायच्या आत घागरी भरून घ्यायच्या, ढिगावर हातानं सडा शिंपडावा तसं पाणी शिंपडायचं, ढीग उलटापालटा करायचा आणि पुन्हा शिंपडायचं. कापूस पाणी पिऊन बसतो, हाताला ओला लागत नाही, आणि काट्यावर जड भरतो. आमचे पाटील मारत, देवळाचा पुजारी आपल्या चार ओंजळी कापसाला मारी, आणि माझे बाबाही मारत. अमरावतीचे दलाल कापसात कोपरापर्यंत हात घालून बघत. सापडला तर त्या माणसाचं नाव बाजारभर होई आणि पुढे त्याच्या गाडीकडे कुणी फिरकत नसे. त्यामुळे ज्याचा त्याचा चोरीचा मामला. घरातही या कामाला नाव नव्हतं. पहाटे मागच्या अंगणात पाण्याचा आवाज आला की माय मला म्हणायची, "निज वं, गोदे," आणि मी निजायची.

बाबा वाईट माणूस नव्हते, हे इथेच सांगून टाकते. बैलाच्या खांद्याला सूज आली तर दिवसभर त्याच्यापाशी बसून हळद लावणारा माणूस. बोलणं कमी. पण भाव चढला तशी त्यांना एक हौस चढली. पक्की खोली बांधायची, दगडाची आणि चुन्याची. गावात पाटलांची सोडली तर तशी कुणाचीच नव्हती. तेव्हा आगगाडीचा रस्ता पडत होता आणि ठिकठिकाणी पुलांची कामं निघाली होती, त्यामुळे नदीकाठच्या भट्ट्यांमधला सगळा चुना तिकडे जाई. मोठ्या खटपटीनं बाबांनी गाडीभर कळीचा चुना मिळवला. कळीचा म्हणजे न भिजवलेला, दगडासारखे पांढरे गोळे. थोडा गवंड्याकडे बांधकामावर गेला आणि बाकीचा आमच्याकडे राहिला. त्याला दमट हवासुद्धा लागू द्यायची नसते, आणि उघड्यावर ठेवला तर चोर टपलेले.

याच सुमारास आमच्याकडे आत्या राहायला होती. बाबांची थोरली बहीण. माझी आजी लवकर गेली, तेव्हा बाबांना आत्यानंच कडेवर घेऊन वाढवलं होतं. तिला बाळापूरला दिली होती. नवरा एका जुन्या सरदार घराण्यात पिण्याचं पाणी राखायच्या कामावर होता. तो वारला, मूलबाळ नव्हतं, आणि सुतकाचे दिवस सरताच दिरानं तिचं गाठोडं उंबऱ्याबाहेर ठेवलं. पाट लावून घे म्हणून माय मागे लागली होती, तर आत्या म्हणाली, "एका नवऱ्याची भांडी घासली तेवढी बस झाली." अशी होती ती. तोंडाची फटकळ. हसायला लागली की डोळे पुसत हसे, आणि घरात तिचा आवाज असला की रेच्याचा आवाज कमी वाटे. बाळापूरहून तिनं दोनच वस्तू आणल्या होत्या, लांब मानेची तांब्याची सुरई आणि एका मडक्यात सोरा. उन्हाळ्यात पाणी गार करायची विद्या तिच्या नवऱ्यानं तिला दिली होती, आणि त्यावर तिचा भारी जीव होता.

एका घंगाळात पाणी घ्यायचं आणि त्यात मुठीमुठीनं सोरा टाकायचा. मधे पाण्यानं भरलेली सुरई उभी करायची आणि मान धरून ती सारखी फिरवत राहायची. सोरा विरघळू लागला की घंगाळ बाहेरून घामेजतं, बोटं दुखायला लागतात, आणि सुरईतलं पाणी दाताला लागेल इतकं गार होतं. बर्फ आम्ही कुणी पाहिलेला नव्हता. मी विचारलं, "आत्या, हे गार कावून होते?" ती म्हणाली, "सोऱ्याले भूक लागते, पोरी. तो पान्यातली ऊब खाते. मंग सुरईजवळ हात पसरते." ते पाणी पुढे उन्हात आटवलं की खाली पुन्हा सोरा जमे, म्हणजे उन्हातली ऊब घेऊन तो पहिल्यासारखा होई. माझा नातू म्हणतो, आजी, पुस्तकात हेच लिहिलं आहे, फक्त भूक नाही लिहिली. लिहायला हवी होती. तो पहिल्याच दिवशी पाठ करून मोकळा झाला असता.

सोरा बारुदीत घालतात, म्हणून मायनं तो चुलीच्या आसपास येऊ दिला नाही. आत्या मडकं कापसाच्या खोलीच्या पडवीत, कोनाड्यात ठेवी आणि तिथेच कुडाला पाठ टेकून सुरई फिरवत बसे. त्या बाजूला चूल नाही, चिलीम नाही, दिवासुद्धा न्यायचा नाही, असा घरचा नियम होता.

चैत्र लागला तरी बाबांनी बराच कापूस दाबून ठेवला होता, भाव अजून चढेल म्हणून. मग ते अमरावतीला गेले, तिथल्या एका दलालाला माल दाखवायला घेऊन यायचं म्हणून. ते नव्हते त्या दिवसांत आभाळ भरून आलं. अवकाळी पावसात चुना जाईल म्हणून माय घाबरली. तिनं आमच्या सालदाराला, नथ्थूला, सांगितलं की घरातली सगळ्यात कोरडी जागा बघ. सगळ्यात कोरडी जागा म्हणजे कापसाची खोली. नथ्थूनं चुन्याचे गोळे तिथे मागच्या कोपऱ्यात रचले आणि वर तरट टाकलं. पाऊस काही आला नाही. बाबा रात्री उशिरा परतले, दलालशेट पाटलांकडे उतरले, सकाळी माल बघायला येणार होते. बाबांनी कोपऱ्यातलं तरट पाहिलं आणि सरकी असेल असं त्यांना वाटलं. विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. पहाटे पाण्याचा आवाज आला. माय म्हणाली, "निज वं, गोदे."

उन्हं वर आली तेव्हा आत्या आणि मी पडवीत होतो. पाहुण्याला गार पाणी द्यायचं म्हणून आत्या खुशीत होती. अमरावतीच्या शेटनं असं पाणी जन्मात प्यायलं नसेल, असं तिनं मला दोनदा सांगितलं. माझी बोटं घंगाळातून काढून मी सहज कुडाला लावली, तर कूड उबदार लागला. नुसता उबदार नाही, भाकरी भाजून झाल्यावर चुलीची भिंत लागते तसा. मी म्हटलं, "आत्या, कूड गरम हाय." तिनं आपला हात लावून पाहिला आणि म्हणाली, "सोऱ्याच्या पान्यात हात होता ना तुहा, बधिर झाला. आता तुले सगळंच गरम लागन. माह्यंही तसंच झालं." आणि ती सुरई फिरवत राहिली. यात तिचं काय चुकलं? थंडगार हातांना दुसरं काय कळणार होतं?

थोड्या वेळानं धूर दिसला. पडवीच्या बाजूनं नाही, मागच्या कोपऱ्यातून, खालून, कूड जमिनीला टेकतो तिथून. आत्या उठून ओरडली. बाबा, नथ्थू, शेजारपाजारचे घागरी घेऊन धावले आणि पाणी ओतायला लागले. पाणी पडलं की आग दबायची सोडून आतून फसफस आवाज येई, काहीतरी तडतडे, आणि पांढरी वाफ वर उठे. जितकं पाणी टाकावं तितका तो कोपरा खवळे. शेवटी नथ्थूनं कूड ओढून पाडला, कापूस दाताळ्यानं अंगणात ओढला आणि लोकांनी वरून माती लोटली, तेव्हा ती विझली. निम्म्याहून जास्त कापूस गेला. जळक्या कापसाचा तो वास माझ्या केसांतून किती दिवस जात नव्हता.

बाबा अंगणात उकिडवे बसले होते. पाटील आले होते, दलालशेटही त्यांच्यामागे उभे होते. पाटलांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची नजर कोनाड्यातल्या मडक्यावर गेली. त्यांनी चिमूट उचलून जिभेला लावली आणि थुंकली.

"हा त सोरा हाय. बारुदीचा. कोनाचा हाय हा?"

"माहा हाय," आत्या म्हणाली.

"आग लागली तवा इथं कोन होतं?"

"मी होती. अन् ही पोरगी होती. पन पाटील, पान्यात घातलेला सोरा कुठी पेटते का?"

"ते मले नाई माईत. बारूद म्हंजे बारूद," पाटील म्हणाले. दलालशेटनी मान डोलावली. जमलेल्या बायकांपैकी कुणीतरी म्हणालं की नवऱ्याला खाऊन आली, आता भावाचं घर खाते. हे ऐकून मला जो संताप आला तो आज म्हातारपणीही जसाच्या तसा येतो. ती बाई आमच्याच घरून रोज ताक न्यायची.

बाबा मान वर न करता अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, तू आता बाळापूरले जाय." घरात आत्याला ते बाई म्हणत.

जिच्या तोंडाला सारं गाव वचकून असे ती आत्या हाताला लागलेला सोरा लुगड्याला पुसत राहिली. बाळापूरला तिचं कोण होतं? ज्यानं गाठोडं बाहेर ठेवलं तो दीर. आता भावाच्या घराला आग लावून आली म्हटल्यावर तो तिला ओसरीवरही टेकू देणार नव्हता, हे त्या अंगणात प्रत्येकाला कळत होतं. मधे एक दिवस सोडून तिला पोचवायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी गवंडी करीमभाई बांधकामावरचा चुना भिजवणार होते. आधी ठरलेलं काम, कुणी थांबवलं नाही. मी घरातलं रडणं टाळायला तिकडे गेले तर बाबा आधीच तिथे उभे होते. खड्ड्यात कळीचे गोळे, कडेला उडू नये म्हणून अंथरलेलं तरट. करीमभाईंनी पाणी सोडलं. गोळे नुसते पडून राहिले. मी म्हटलं, "काईच नाई झालं." ते म्हणाले, "जरा सबर कर, बेटी. हा आधी गुमान बसून राह्यते." आणि खरंच, थोड्या वेळानं एक गोळा फुटला, मग दुसरा, आणि पाहता पाहता सगळा खड्डा रटरट उकळायला लागला. खाली जाळ नाही, काडी नाही. तोंडावर वाफ आली. आणि खड्ड्याच्या कडेचं तरट आधी तपकिरी झालं, मग काळं, मग त्याला भोक पडून त्यातून धूर निघाला. करीमभाईंनी ते काठीनं बाहेर ओढून पायाखाली चुरडलं.

मी बाबांकडे पाहिलं. ते तरटाकडे पाहत होते. माझ्याकडे त्यांची नजर आली आणि लगेच दुसरीकडे गेली, आणि मला कळलं की त्यांना हे आज कळलेलं नाही. राख उपसताना जळक्या तरटाखालून चुना निघाला, तेव्हाच कळलं होतं.

चुना पाण्यात उकळतो हे गावात कुणाला नवं होतं? पाटलांना नव्हतं, शेजाऱ्यांना नव्हतं, पान खाणाऱ्या म्हातारीलाही नव्हतं. चुन्याचा दगड भट्टीत दिवसचे दिवस आग खातो, तेव्हा त्याची कळी होते. ती खाल्लेली आग पाणी मिळालं की तो परत देतो. सोरा ऊब घेतो आणि हा देतो, एवढाच फरक. हे सगळं सगळ्यांना ठाऊक होतं. पण कापसाच्या खोलीत पाणी आलं कुठून, हे विचारायचं कुणी? ज्यानं विचारावं त्याच्याच घरी पहाटे घागरी वाजत होत्या. म्हणून साऱ्या गावानं सोऱ्याकडे बोट दाखवलं आणि सुटकेचा श्वास टाकला.

मी धावत घरी आले. आत्या गाठोडं बांधत होती. मी तिला धाप टाकत सगळं सांगितलं, चुना, तरट, पाणी. तिनं गाठ मारता मारता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मले माईत हाय. पानी टाकलं अन् ते फसफसलं, तवाच समजलं मले."

"मंग सांगत कावून नाई?"

"काय सांगू? माह्या भावानं कापसाले पानी मारलं म्हनून सांगू? अमरावतीचा मानूस गावात बसून हाय. उरलेला कापूस कोन घेईन मंग? तुह्या बापाच्या गाडीजवळ पुढल्या सालीही कुत्रं येनार नाई." मग तिनं माझी हनुवटी धरली. "मी एकटी हाय, गोदे. तुमी घरभर मानसं हाय. अन् तू गप राय, माही शपथ हाय तुले."

शपथ मी पाळली नाही. त्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही. संध्याकाळी बाबा जेवायला बसले, मायनं भाकर वाढली, आणि मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. बाबांसमोर उभं राहून बोलायची आमच्याकडे पद्धत नव्हती. मी विचारलं, "बाबा, चुन्याले पानी कोनं देल्लं?"

मायच्या हातातली पळी तशीच राहिली. बाबांनी हातातला घास ताटात ठेवला, ताटाला नमस्कार केला आणि उठून बैलांकडे गेले. मला मार बसेल असं वाटलं होतं, तो बसला नाही. त्यांचं ताट मायनं झाकून ठेवलं, सकाळी ते तसंच होतं.

सकाळी गाडी जुंपली. नथ्थू हाकणार होता. आत्या गाठोडं मांडीवर घेऊन मागे बसली, पदर पुढे ओढून, कुणाकडे न बघता. असल्या वेळी गावाला काम नसतं. पाटील आले, परत निघायच्या आधी उरलेला कापूस बघायचा म्हणून दलालशेट आले, आमचं ताक नेणारी ती ताकवाली आली. मी चाकाला धरून रडत होते आणि माय मला ओढत होती. नथ्थूनं कासरा हातात घेतला, तेवढ्यात बाबा बाहेर आले. ते सरळ बैलांपुढे गेले आणि जुवाची सापती, म्हणजे बैलाच्या गळ्याखालचा पट्टा, सोडायला लागले. एक बैल सोडून त्यांनी नथ्थूच्या हातात दिला.

"महादू, काय करून राह्यला गा?" पाटलांनी विचारलं.

"आग बाईनं नाई लावली," बाबा म्हणाले. "मी लावली."

"काय बोलतं?"

"कापसाले मी पानी मारलं. दर साली मारतो. खाली चुना होता, मले माईत नव्हतं. पानी त्याच्यात उतरलं अन् आग लागली."

पाटील पुढे झाले आणि बाबांचा दंड धरून दबक्या आवाजात म्हणाले, "गप, गप. मोठ्या मानसासमोर कावून बोलतं?" बाबांनी दंड सोडवून घेतला. दलालशेट एकदा बाबांकडे, एकदा पाटलांकडे पाहून पागोटं सारखं करत निघून गेले, आणि मला वाटतं त्या दिवशी त्यांनी गावात कुणाच्याच कापसाला हात लावला नाही. आमचा उरलेला कापूस पावसाळ्यापर्यंत पडून राहिला. पुढे ती लढाई संपली आणि भाव कोसळला, तेव्हा तो कवडीमोलानं गेला. पक्की खोली जोत्यावरच थांबली, ती कायमची. गावानं बाबांशी दोन वर्षं धड बोलणं ठेवलं नाही, कारण त्यांनी स्वतःबरोबर सगळ्यांचंच सांगून टाकलं होतं. बाबांनी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी बाबांनी दुसराही बैल सोडला. बैल सुटले की गाडीचं तोंड खाली जातं, म्हणून आधी खाली टेकू लावायचा असतो. तो लावायचं कुणाला सुचलं नव्हतं. गाडी झुकायला लागली तसं बाबांनी खाली वाकून जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि बैलासारखे पुढे उभे राहिले. मागे आत्या, तिचं गाठोडं आणि रिकामी गाडी, सगळ्याचा भार मानेवर. नथ्थू टेकू घेऊन धावला, तर आत्यानं हातानं त्याला तिथेच थांबवलं. बाबांना मागे वळता येत नव्हतं. ते समोर बघतच म्हणाले, "बाई, उतर खाली."

आत्यानं पदर मागे सारला. सगळ्या गावाकडे एकदा नीट बघून घेतलं, ताकवालीकडे जरा जास्त वेळ. मग गाठोडं मांडीवर सारखं केलं आणि गाडीच्या दांडीला पाठ टेकून आरामात बसली.

"धरून राय, महादू," ती म्हणाली. "मले काई घाई नाई."